रात्रीचं रक्त

हत्तीरोगाचा जंतू दिवसा सापडत नाही.
दिवसा तो आत कुठंतरी दडून बसतो,
रात्री दहानंतर रक्तात उतरतो,
हे मला डॉक्टर आल्मेडांनी सांगितलं
मोचेमाडच्या चढावर, मी चाक बदलताना,
टॉर्च माझ्या हातांवर धरून.
"म्हणून आपली ड्युटी रात्रीची, तातोबा."

मी आरोग्य केंद्राचा जीपवाला.
अठरा वर्षं, दोन जीपा.
तिसरी आली त्याच महिन्यात बाई रिटायर.
नाव त्यांचं इस्पेरांसा. कुणाच्याच तोंडात बसेना.
उभादांड्यावर झालं पेरासबाय,
पुढे नुसतं पेरूबाय,
आणि त्या ओ द्यायच्या.

पहिल्या वर्षी दारं उघडत नसत.
"रातीक रगात कित्याक व्हया?
किरिस्तांव बाय ती. रगात दिलां की धरम जाता."
बाई वाद घालत नसत.
ओट्यावर कंदील ठेवायच्या,
उकळलेली सुई काढायच्या
आणि आधी आपलंच बोट टोचायच्या.
"बघ, माजां पण तांबडांच."
घरागणिक एक थेंब.
शिमग्यापर्यंत डावी अनामिका चाळणीसारखी झाली.
सोलकढी लागली की हात झटकायच्या,
भातावर शितोडे.

जीपमध्ये तेर्स करायच्या, नुसते ओठ हलायचे.
खड्डा आला की मणी चुकायचा,
मग मागे जाऊन परत सुरू.
"तुझ्या गाडीमुळे, तातोबा,
सायबीण माझं सगळं दोनदा ऐकते."

एका नाताळच्या रात्री वादळाचा बावटा लागला होता.
होड्या वर ओढलेल्या, खलाशी सगळे किनाऱ्यावर;
असे एकदम कधी हाती लागतात?
बारा वाजता घंटा झाली, खाडीपलीकडून.
मी म्हटलं, "बाई, मिस्सा."
त्यांनी घड्याळ बघितलं
आणि काचेवर वेळ लिहिली.
"पुढचा कोण? हात धुतलास?"

रखमाय केळुसकरणीचा पाय
वहाणेत मावेना, लुगड्यात लपेना.
वास यायचा. सुनेनं तिला मांगरात ठेवलेली,
शेणी आणि जाळ्यांच्या शेजारी.
बाई दर बुधवारी तिथं.
घमेल्यात पाणी, अंगाचा साबण, पाय मांडीवर.
वळीवळीतून बोट फिरवायचं, सावकाश,
आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यानं
एकेक बेचकं टिपायचं.
"ओल राहिली की सगळं फुकट.
औषध बाटलीत कमी, बेचक्यात जास्त."
मी दाराशी उभा. पहिले काही बुधवार तर बाहेरच,
विडी ओढत, नाकाला धूर बरा म्हणून.

पाय बरा झाला नाही. हेही सांगायला हवं.
वास गेला.
सुनेनं तिला पडवीत आणली, आषाढात माजघरात.
बाईंनी रजिस्टरात प्रगतीच्या रकान्यात लिहिलं:
माजघर.
तालुक्याहून लाल शाईत विचारणा आली,
हा कोणता उपचार?
तो कागद त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात खुणेला ठेवला.

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली.
यंदा त्यांच्या बहिणीनं बोलावलं म्हणून
गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये गेलो.
मागचं बाक, चपला बाहेर काढून
(काढायच्या नसतात म्हणे).
पाद्रीबाबा गुडघ्यावर बसले,
बारा जणांचे पाय धुतले.
चांदीचा तांब्या, पाणी बेताचं,
टॉवेल वरच्यावर फिरवला, पुढचा पाय.
शेजारचा म्हातारा कुजबुजला,
"पयल्यांदाच बघतंस?"
मी मान हलवली, नाही.

बेचक्या ओल्याच राहिल्या होत्या,
बाराही जणांच्या.
बाई असत्या तर
भर मिस्सात उठल्या असत्या.