जनरल रजिस्टर, पान सत्तेचाळीस

उमदीच्या रस्त्याला, जिथं दुकानाची पाटी मराठीत
आणि आतला हिशेब कन्नडमध्ये चालतो,
तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो.
म्हणजे घंटा मीच, शिपाई मीच,
लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याच करगोट्याला.

अमसिद्ध पुजारी दिवेलागणीला आला. पिशवीत डाळिंबं.
'गुर्जी, पोरगं चांगलं हाय, पर एकटं.
मुकादम एकट्याला अर्धा कोयता धरतो.
जोडी झाली की पुरा. उचल बी पुरी.
कागुद तेवढा पायजे.'
निंगव्वा दाराशी उभी, चपला हातात घेऊन.
सातवीतून गेलेली. एकोणीसचा पाढा
न अडखळता म्हणणारी.

मी पैसे घेतले नाहीत.
हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं,
कुणी विचारलेलं नसताना.

दाढीचं अर्धं ब्लेड.
आधी अंक, मग अक्षर,
कारण सरकार तारीख दोनदा लिहून घेतं,
लबाडाला निदान दुप्पट वेळ लागावा म्हणून.
अठ्ठ्याण्णव खरवडून पंच्याण्णव केलं.
तीन वर्षं पानावर भुकटी होऊन पडली.
मी फुंकर मारली.

कागद तिथं पातळ झाला.
दरवर्षी साहेब येत, पानं उलटत, पोहे खात, सही करत.
कुणी ते पान खिडकीशी धरलं असतं
तर त्यातून समोरचं लिंबाचं झाड दिसलं असतं.
कुणी धरलं नाही.
मी धरायचो, शाळा सुटल्यावर.

पुढचं तुकड्यातुकड्यानं कानावर आलं.
कारखान्याजवळची खोप, पहाटे तीनला गाडी भरणं,
डोक्यावर मोळी, पोटात पाचवा महिना.
मिरजेच्या दवाखान्यात वय विचारलं
तेव्हा नवऱ्यानं माझा दाखला पुढं केला.
डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग कागदाकडे.
कागदावर शिक्का होता.
मनगटावर नव्हता.
ते मूल राहिलं नाही.

आणि एका जूनमध्ये ती आली.
एका हाताला पोर, दुसऱ्या हातात
ग्रामपंचायतीचा जन्मदाखला,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
मला वाटलं, आता बोलेल.
मी उत्तर तयार ठेवलं होतं, आठ वर्षं, रोज थोडं बदलून.
ती म्हणाली, 'नाव कीर्ती.
आईचं नाव बी लिवायचं असतंय न्हवं आता?'

मी लिहू लागलो. ती टेबलावर वाकून
प्रत्येक अक्षराखालून बोट फिरवत होती,
मीच तिला शिकवलं होतं तसं.
'अक्षरी बी लिवा.'
लिहिलं.
'वाळू द्या.'
वाळू दिलं.
मग तिनं कमरेच्या पिशवीतून चिकटपट्टी काढली,
दहा रुपयांची, दातानं तोडली,
तारखेवर लावली
आणि अंगठ्यानं दाबत राहिली, आतली हवा जाईपर्यंत.

'आता ब्लेड लागत न्हाई.'
आवाज चढला नव्हता. चक्कीवर
दळण ठेवून जाताना बोलतात तसा.

त्या दुपारी मी पान सत्तेचाळीस उघडलं.
खरी तारीख तिथं बसेना.
पातळ जागी शाई फुटली, पसरली,
पाठीमागच्या पानावर कुणा सिद्धाप्पाच्या नावावर उतरली.
म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
खाडाखोड मी केली. खाली नाव. पूर्ण.
एक प्रत जतला कचेरीत पाठवली, एक तिला.
जतहून अजून काही आलं नाही.
आलं तर मी घरीच असतो.

कीर्ती पहिल्या रांगेत बसायची. पेन्सिल चावायची.
पालकाच्या रकान्यात आईची सही आहे,
वळणदार, माझ्याच वळणाची.
पण अंगठाही आहे,
चिकटपट्टीवर, तारखेच्या बरोबर वर.
आडव्या उजेडात धरलं की रेघ न् रेघ दिसते.