पान

अण्णांची तिथी सप्तमीची.
गच्चीवर आता सोलरची नऊ तावदानं आहेत,
तिरकी, दक्षिणेकडे तोंड करून बसलेली.
काकू म्हणाली, बरंच झालं,
पितरांचीच दिशा, त्यांच्याच सावलीत ठेव पान.

भाजणीचे वडे, खीर, लाल भोपळा, कढी,
आमसुलाची चटणी,
आणि शास्त्रात नसलेली चिमूटभर लवंगी सेव.

बारा वाजले. साडेबारा.
मी काव काव केलं, चाळिशीतला माणूस.
शेजारच्या टाकीवर कबुतरं होती,
त्यांना बुळे घराण्याशी काही देणंघेणं नव्हतं.
इंदुरात उकिरडाच उरला नाही,
मग कावळ्यानं यावं तरी कशाला?
गाईला घालावं, तर तीही गल्लीतून गेली.
सूर्य तेवढा पानावर हजर.
इन्व्हर्टरवर आकडा: दोन पूर्णांक चार.

काकू कबूल करत सुटली:
घराचा कर भरू,
शालूचं नर्सिंग पुरं करू,
टेंपोचं स्टिअरिंग भंगारात घालणार नाही.
कावळा नाही.

अण्णांनी तेवीस वर्षं टेंपो चालवला,
राजवाडा ते पाटनीपुरा.
आठ माणसं आत, दोन लोंबकळत,
मागे काळ्या धुराचं शेपूट.
डिझेलचा वास त्यांच्या बंडीला, उशीला,
शेवटी थुंकीलासुद्धा.
डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला तेव्हा
अण्णांनीच विचारलं होतं,
सायलेन्सर बदलून भागेल का?

खाली कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत.
रेखाबाई करोसियांचा आवाज:
गीला किधर है, भिया? जल्दी!
मी पान उचललं.
काकूनं तोंड फिरवलं,
पण नको म्हणाली नाही.
पिताजी का है, मी म्हणालो.
द्रोणाला चिकटलेला प्लास्टिकचा तुकडा
रेखाबाईंनी नखानं सोडवला, सुक्यात टाकला.
मग पान ओतलं नाही त्यांनी.
ठेवलं.

पुढचं मला ठाऊक आहे,
मी तिथेच फिटर आहे, देवगुराडियाला, दुसऱ्या पाळीत.
लग्नातला पुलाव, मंडईतला सडका पाला,
कुणाच्या डब्यात तशीच परत आलेली पोळी,
सगळ्याचा एकच लगदा होतो.
मग पंचवीस दिवस
ना हवा, ना उजेड.
घुमटाच्या पोटात जंतूंची पंगत बसते, सावकाश जेवते,
त्यांना कुणी हाका मारत नाही.
त्यांचे ढेकर आम्ही धुतो, दाबतो,
नळीनं बसमध्ये भरतो.
खाली उरतं ते खत. ते शेताला जातं.
वासाचं विचाराल, तर घरी गेलो की
शालू आधी साबण पुढे करते.

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते.
सुट्टी टाकून मी पाटनीपुऱ्याची बस धरली.
हिशेब असा नसतो, कळतं मला.
कुठल्या वड्याचा कुठला गॅस, कोण सांगणार?
तरी ड्रायव्हरच्या मागची जागा पकडली.
चौकात सिग्नल लागला.
सवयीनं मागे वळून पाहिलं, धूर दिसतो का:
नुसती हवा, जराशी थरथरती.

हिरवा झाला.
बस सुटताना एकदा खाकरली,
अगदी घसा साफ करून
भाडं मागायच्या आधी अण्णा खाकरायचे तशी,
आणि गिअर पडला.