तीन रिव्हेट

खानापुरात मडिवाळप्पाच्या दुकानाला पाटी नाही.
दारात एक वाकडा बार टांगलाय,
तो वाऱ्यानं हलत असला की दुकान उघडं समजायचं.

साखळी मी बेळगावातून आणलेली, निम्म्या किमतीत.
"सगळ्यांना बसते," म्हणाला होता तो पोरगा.
बसली म्हणजे, सातेरीनं बसवली,
हातोडीच्या दांड्यानं दोन टोले देऊन.
बस्त्यावच्या परड्यातल्या पडलेल्या फणसात
तिसऱ्या कापाला ती बारवरून उडाली,
पँट मांडीवर फाडून गेली
आणि गवतात जाऊन गप्प पडली.
मांडी वाचली.
त्यावर आम्ही दोघं अजून बोललेलो नाही.

मडिवाळप्पानं साखळी काचेवर सरळ केली.
"काय बघूलालास? मोज."
मी एका रिव्हेटवरून पुढच्या रिव्हेटवर पट्टी ठेवली.
त्यानं माझा हात बाजूला सारला.
"दोनातलं अंतर खोटं सांगतंय.
एक जोड लांब, एक आखूड,
कुठली पकडलीस तुला काय ठाऊक?
तीन घे. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत.
मग अर्धं कर."

अर्धं केलं. सव्वाआठ मिलिमीटर.
आमच्या मशीनचं चक्र तीन सुताचं, म्हणजे साडेनऊ.
मध्ये सव्वा मिलिमीटर.
भाताचा दाणा याहून जाड असतो.
एका दाताला एवढा फरक, तर सात दातांना किती,
आणि मिनिटाला दहा हजार फेऱ्यांत किती,
तो हिशेब सातेरीच्या पँटवर होताच.

"एष्टु हल्लु?" त्यानं विचारलं,
आणि मी सांगायच्या आत स्वतःच मोजले,
नखानं, एकेक दात: ओंदु, एरडु, मूरु…
सातव्याशी नख अडकलं.
"खोबण पडली बघ. हे चक्र संपलंय.
जुन्या चक्रावर नवी साखळी घातलीस
तर चक्र तिला आपल्या वयाची करतंय."

मला तीन सूतच हवं होतं.
सातेरी म्हणतो, जाड साखळी म्हणजे खरं मशीन.
मडिवाळप्पा चहा ओतत म्हणाला,
"पंचावन्न सीसी. अठरा इंची बार. कापतोस काय?"
निलगिरी. अकेशिया. कधीमधी फणस, जांभूळ.
"मग बारीक घे. झटका कमी, हात सोकत नाही.
तीन सूत ओढायला इंजिन मोठं लागतंय,
सातेरी नव्हे."

आठ दातांचं कडं घेऊ का, पळेल जास्त?
"पळेल. मत्तीच्या बुंध्यात शिरलं की रडेल.
एळु साकु.
आणि बारच्या नाकातलं छोटं चक्रबी त्याच मापाचं घे,
मागचं, पुढचं, साखळी,
तिघांनी एकच भाषा बोलायला पाहिजे."
हे त्यानं अर्धं कन्नडात सांगितलं, अर्धं मराठीत,
आणि मला एकही शब्द कमी पडला नाही.

बेळगावची साखळी परत घालू का म्हटलं.
टोल्यांनी तिच्या पायांचे काटे मुडपले होते.
"माप वाईट नव्हतं तिचं," तो म्हणाला,
आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

जांबोटीच्या गाडीत मांडीवर नवा बार,
बहात्तर काट्यांची साखळी कन्नड पेपरात,
सात दातांचं कडं वरच्या खिशात.
पुढच्या सीटच्या दांडीवर तीन स्क्रू होते.
बोटानं मोजले. अर्धं केलं.
मग खिडकीच्या गजांचं. मग नुसतंच.

दुसऱ्या दिवशी फणसाचा भुसा
पिठासारखा नाही आला,
पोह्यासारखा आला, पिवळा, दमट,
सातेरीच्या बुटांवर साचत गेला.
त्यानं मशीन बंद केलं.
"बारीक आहे," म्हणाला.
मग शिवलेल्या पँटवरचा भुसा झटकला
आणि पुन्हा दोरी ओढली.