डाव्या पायाचा भार

तंबूत उशाशी लॅमिनेट केलेलं कार्ड :
साडेपाचला आदिवासी मागोवा-वाचन,
मग मोहफुलांचा चहा,
सातला नाच, साडेआठला बुफे.
खाली बारीक टायपात : प्राणी दिसतीलच
याची हमी कॅम्प देत नाही.
माणसांचं काही लिहिलं नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, "हे आमचे लेतूदादा,
जंगलाची चालतीबोलती लायब्ररी."
लेतू टेकाम चपला काढून धुळीत उभा होता,
खाकी शर्टाच्या खिशावर कॅम्पचं नाव भरलेलं.
टेकाम म्हणजे सागाचे, त्यानं सांगितलं,
मागच्या सागाकडे वळूनही न बघता,
घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं.

मग काडीने दाखवत गेला.
हे अस्वल. रातचं. मोहाखालून आलं,
पोट भरलं व्हतं, पाय पाहा कसे फाकले.
हे भेकर. इथं थांबलं, कान देल्ले.
हे वाघीन. आजची नाई, कालची.
तिच्या काठावरून मुंगळे चालून गेले.

नाशिकच्या जोडप्याने फोटो काढला, काडीसकट.
त्यांच्या मुलीने विचारलं, हे पुस्तकात असतं का?
"पुस्तकवाल्यानं मलेच इचारलं व्हतं,"
लेतू म्हणाला, आणि हसला नाही.

परतताना तो मागे पडला.
खोकला ऐकून मी थांबले.
तो ओणवा झाला होता
माझ्याच चपलेच्या ठशावर.
"बाई, डाव्या अंगानं चालता तुमी.
टाच खोल, बोटं हलकी.
कोनाले उचलत व्हते?"

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.
बुकिंगच्या फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता.
तीन वर्षं बाबांना पलंगावरून खुर्चीत,
खुर्चीतून न्हाणीत,
त्यांचा लुळा हात माझ्या डाव्या खांद्यावर.
म्हणायचे, सावकाश, कुमुद,
मी कुठं पळून चाललोय.
माघात गेले.

"आता नाहीत," मी म्हटलं.
लेतू जरा वेळ ठशाकडेच पाहत राहिला.
"पायाले मालूम नाई अजून."

सातला ढोल वाजला.
लाइटच्या माळांखाली नऊ माणसं गोलात,
डोक्यावर कागदी पिसांचे टोप, रंगवलेले.
खरी मोरपिसं दिवाळीलाच निघतात,
वाढता वाढता लच्चूबाई आत्राम बोलली,
"देवाचं हाये थे, शनिवार-रविवारचं नाई."
गाव कोणतं विचारलं, तर तिनं
पळीचा हात तळ्यापलीकडच्या अंधाराकडे केला,
जिकडे जिप्सीही जात नाही.
उठवलं त्याला चौदा वर्षं झाली.
प्लॉट मिळाले हायवेलगत, एका रांगेत.
लेतूचा एकेचाळीस.
रस्ता सिमेंटचा. "काईच उमटत नाई जी तिथं,"
तो ताट घेऊन शेजारी बसला होता,
"कोन आलं, कोन गेलं."

सकाळी रजिस्टर पुढे आलं :
अनुभव कसा वाटला, एक ते पाच.
मी पेन धरून बसले.
बाहेर हॉर्न वाजला, रकाना तसाच राहिला.
फाटकापाशी लेतू नव्या लोकांना
अस्वल दाखवत होता, तेच, पोट भरलेलं.
माझाही ठसा त्या वाटेवर असेल कुठे.
नाहीतर टायरखाली गेला.

नागपूरला, तिसऱ्या दिवशी,
न्हाणीतून बाहेर आले
आणि फरशीवर ओला पाय उमटला.
बाबांची खुर्ची कोपऱ्यात, अजून घडी न केलेली.
तिचा हात धरून वाकले.
टाच. बोटं.
बराच वेळ बघितलं.
मग वाळला.