पासपोर्ट साइज

खानापुरात स्टँडासमोर माझा स्टुडिओ.
तीस वर्षं मी माणसांना एकच सांगत आलो,
हलू नका.
हनुवटी खाली. कान दिसू देत.

यंदा मार्चात कन्नड शाळेच्या हुक्केरी मॅडम आल्या,
कापडी पिशवीत सूक्ष्मदर्शक, लेकरू आणावं तसा,
आणि लोणच्याच्या बरणीत तळ्याचं पाणी.
"फोटो पाहिजेत, परशराम. मुलांच्या भिंतीवर लावायला.
नीर-चिगट."
आमच्यात पाणपिसू म्हणतात, मी म्हटलं.
खरं तर आमच्यात कुणी काहीच म्हणत नव्हतं.

थेंब टाकला. भिंगाला डोळा लावला.
कोणीतरी उडी मारून चौकटीबाहेर.
पुन्हा आत. पुन्हा बाहेर,
लग्नातल्या पोरांसारखं.
मॅडमनी कापसाचे दोन-चार तंतू थेंबात सोडले
आणि ती थबकली:

काचेची बाई.
आतडं हिरवं, सकाळीच खाल्लेलं शेवाळ.
पाठीशी हृदय; मोजायला घेतलं,
शंभरापुढं चुकलो.
डोळा एकच, काळा, सारखा थरथरणारा,
माझ्या स्टुलावर बसलेल्या सगळ्यांचा थरथरतो तसा.
पाठीच्या पोकळीत पाच पिल्लं,
पाचांचेही डोळे आधीच तयार.
"ह्यांचा बाप?"
"लागत नाही," मॅडम फोकस फिरवत म्हणाल्या,
"पाणी आटायला लागलं, की मग नर जन्मतात."

मोबाइल नळीवर धरला. श्वास रोखला.
हलू नको,
पहिल्यांदाच स्वतःला सांगितलं.
बेचाळीस फोटो वाया.
एकदा उसाचा ट्रक गेला, टेबल हाललं.
एकदा माझंच मनगट.
त्रेचाळिसाव्याला ती वाकली, पाठ उघडली,
एक पिल्लू सुटलं.
फोटोत त्याची नुसती रेघ आलीय, पुसट,
रेघेच्या टोकाला काळा ठिपका.
ती रेघ मी पुसली नाही.
लोकांच्या गालांवरचे डाग मात्र
तीस वर्षं न विचारता काढत आलोय.

थेंब वाळायच्या आत दोघांनी मिळून
काच बरणीत बुडवली.

सवयीनं आठ प्रती काढल्या, कडा कापल्या.
सात मॅडमना.
एक शोकेसमध्ये, दोन नवरा-नवरींच्या मधे.

चार दिवसांनी गर्लगुंजीची यल्लूबाई
नातवाचे फोटो न्यायला आली. काचेपाशी थांबली.
"हे कुणाचं गा?"
"तळ्यातल्यांचं."
तिनं पदरानं काच पुसली, जवळून बघितलं.
"डोळा आईवर गेलाय," म्हणाली,
आणि सुट्टे मोजायला लागली.