बाणाचा ण

सव्वीस वर्षं मी मोठ्या पेपरात मुद्रितं तपासली.
लाल शाई, ऱ्हस्व, दीर्घ, आणि रात्री एकला
शिवाजीनगरच्या टपरीवर गार झालेला चहा.
या शहरात माणूस मेला तर चालतं,
अनुस्वार सुटला की पत्रं येतात.

आता नारायण पेठेत, बाइंडरच्या डोक्यावरच्या खोलीत,
शबनम तांबोळींच्या चार पानी साप्ताहिकाला
मी फुकट बसतो. घरी तरी कोण वाट बघतंय.
नऊशे प्रती. जाहिरात एक,
तीही चष्म्यांच्या दुकानाची.

धानोरीत एक माणूस चेंबरमध्ये उतरला
अकरा वाजता. मास्क नाही, दोरी नाही.
सव्वाअकराला झाकण तसंच उघडं,
हाक बंद.
माझ्या जुन्या पेपरात चार ओळी होत्या,
'गुदमरून एकाचा मृत्यू'.
एकाचा.
व्याकरणात काही चूक नाही.

शेवंता जिना चढून आली. पिशवीत आधार, रेशनकार्ड,
लग्नातला फोटो, अर्धा कापलेला.
म्हणाली, साहेब म्हनतात असा मानूसच न्हाई.

ठेकेदाराच्या मस्टरवर हनमंत.
पंचनाम्यात हनुमंत.
आधारवर हणमंत.
तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी
तिन्ही कागद शेजारीशेजारी मांडून
तीन माणसं मोजली,
आणि तिघांपैकी एकही महापालिकेचा नाही
असं ठरवून टाकलं.

बातमी टाइप होऊन आली तेव्हा माझा हात सवयीनं चालला.
'हणमंत' खोडून मी 'हनुमंत' केलं. शुद्ध.
शेवंता समोरच बसलेली, दुसरीपर्यंत शिकलेली,
तिनं ओल्या लाल शाईवर बोट ठेवलं.
"नळाचा न्हाई. बाणाचा."
ज्यांच्या 'पानी'ला हे शहर जन्मभर हसलं
त्यांच्यातली एक बाई
मला ण शिकवत होती.

शबनमबाईंनी अर्ज लिहिला, दहा रुपयांचा स्टॅम्प डकवला.
मस्टर द्या. दोरी-मास्कच्या खरेदीची बिलं द्या.
आत उतर असं कुणी सांगितलं, त्याची सही द्या.

मग फोन सुरू झाले.
पहिला गोड. दिवाळीला पूर्ण पान जाहिरात देतो, ताई.
दुसरा घरमालकाला.
तिसऱ्यात कुणी बोललंच नाही, मागं फक्त
शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली.
बाई अनवाणी जिना उतरल्या.
मुलगा फाटकाशी बर्फाचा गोळा खात उभा होता,
ओठ केशरी.
बातमी थांबली नाही.
पण तेव्हापासून त्या स्वतः त्याला आणायला जातात
आणि अंक एक दिवस उशिरा निघतो.

एक्केचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं.
'सदर माहीती या कार्यालयात उपलब्द नाही.'
दोन चुका. मी पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ धरून बसलो,
परत लावलं.
पहिल्या पानावर, जसंच्या तसं, सहीशिक्क्यासकट.
खाली तिन्ही कागद.
मथळ्यात फक्त नाव, साठ पॉइंटात,
आणि त्यात तो ण, दोन दांड्या रोवून उभा.

आठवड्याभरात एकच पत्र आलं, सदाशिव पेठेतून.
'माहिती'तला हि ऱ्हस्व असतो, आपण लक्ष द्यावे.
मी पोस्टकार्ड टाकलं,
लक्ष दिलं होतं.

सोमवारी मी शेवंताबरोबर तिसऱ्या मजल्यावर गेलो.
साहेब जेवायला गेलेले. मग मीटिंगला.
मी बाकावर, ती खिडकीशी, काखेत अंकाची घडी.
चार वाजता कारकुनानं नवा फॉर्म ओढला,
पेन झटकलं, मान वर न करता विचारलं,
मयताचं नाव?

तिनं सांगितलं.
तो लिहितोय.
ती काउंटरवर वाकून बघतेय.