घरपट्टी

वहीत हा रस्ता सरळ आहे.
पायांखाली तो अकरा नंबरपाशी वाकतो,
तिथं कधी एक माड होता
आणि माडाचा मालक ऐकेना.
माड गेला. वाकण राहिलं.

पाटीवर त्याचं एक नाव, टपालात दुसरं,
तिसरं फक्त पोदेराला ठाऊक,
तो सायकलचा भोंपू वाजवत
त्याच नावानं मळ्यात शिरतो.

सतरा अ, सतरा ब:
एकाच दालनात भावांनी घातलेली भिंत.
पियानो इकडे,
स्टूल तिकडे.

बावीसमध्ये शालन केंकरे.
भाडं चौदा रुपये, मनिऑर्डरनं जातं
आणि दर महिन्याला परत येतं.
घेतलं तर ती भाडेकरू ठरेल ना!
पावत्या तिनं पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात,
चकलीच्या.

तेवीसला पिवळा रंग दिला, गेस्टहाउस झालं.
त्या रंगामुळं शेजारची निळी दारंही फोटोत येतात.
हातात बांगड्यांची पिशवी घेऊन शालनबाई
स्वतःच्याच पायरीखाली थांबते,
मांडवाला आल्यासारख्या नटलेल्या मुलीचा
फोटो होईपर्यंत. बांगडा काही थांबत नाही.

चौदाला शिंपल्यांच्या खिडक्या.
मालक लिस्बनला. किल्ली सेबास्तियांवकडे,
तो राहतो ताळगावात,
रोज तिन्हीसांजेला येतो,
सालातला दिवा लावतो, जातो.

माझ्या फॉर्मात रकाना आहे: वापर.
निवासी, व्यावसायिक, बंद.
बाल्कांवात बसून मी टेप गुंडाळत होतो,
अंधार पडला.
चौदापुढं निवासी लिहिलं.

दिव्यावरून.